खडे गेले, सल्ले राहिले

पित्ताशयाची शरीरातली नोकरी तशी किरकोळ. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. त्यातला थोडा आपल्याकडं घ्यायचा, पाणी शोषून तो दाट करायचा आणि जेवणात तेल-तूप आलं की अंग आवळून लहान आतड्यात सोडायचा, एवढंच काम. साठवणीची ताकद 30 ते 50 मिलिलिटर. पण आत असताना इतकं थोडं राबणारा हा अवयव बाहेर काढला की आमच्या आजऱ्यात जन्मभर राबतो. त्याच्या नावावर रजा निघतात, जेवणावळीत वाट्या परत जातात, भाताची पोती दुसऱ्याच्या पाठीवर चढतात आणि एरवी वर्षानुवर्षं उंबरा न ओलांडलेली माणसं बिस्किटाचा पुडा घेऊन दारात उभी राहतात.

आमच्या घरानं आजवर दोन पित्ताशयं दिली. एक दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, दुसरं आत्तीचं. तिसरं माझं. ते अजून जागेवर आहे आणि त्यात खडे आहेत. भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ते सापडले. डॉक्टर म्हणाले, खडे असलेल्या शंभरातल्या ऐंशी जणांना ते कधी त्रासच देत नाहीत, गप्प आहेत तोवर तुम्हीही गप्प राहा. तेव्हापासून जिल्हा परिषदेचा इच्छुक उमेदवार विद्यमान सदस्याकडं ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं मी पित्ताशय गेलेल्या माणसांकडं बघत असतो.

दादाचं ऑपरेशन कोल्हापूरला झालं, दुर्बिणीतनं. दुसऱ्याच दिवशी त्याला घरी सोडलं आणि तिथंच सगळा घोळ झाला. आमच्याकडं आजाराची पत दवाखान्यातल्या मुक्कामावर ठरते. आठवडाभर पडून राहिलेला माणूस खरा आजारी. दोन आठवडे राहिला तर त्याचं नाव निघताना आवाज खाली येतो. दुसऱ्या दिवशी आपल्या पायानं गाडीतनं उतरणाऱ्याला काय म्हणायचं? शेजारच्या काकू तर दुखावल्याच. "आलास पण? आम्ही परवा वडाप ठरवून तुला बघायला येणार होतो की गा," त्या म्हणाल्या. त्या फेरीत महालक्ष्मीचं दर्शन, रंकाळा आणि एका मेहुणीचं घर असा बेत होता, हे नंतर कळलं.

त्यात जखमाही बघणाऱ्याच्या तोंडाला पानं पुसणाऱ्या. बेंबीजवळ एक, बरगडीखाली तीन, बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या लावलेल्या. आमच्या आजोबांच्या पिढीत पोटाचं ऑपरेशन म्हणजे मिरज. सर विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल उभं केलं आणि सगळा दक्षिण महाराष्ट्र पोट धरून मिरजेला जायला लागला. तिथनं आलेल्या माणसाच्या उजव्या बरगडीखाली वीतभर तिरका वण असायचा. आळीतल्या एका म्हाताऱ्यांचा तसा वण आम्ही लहानपणी पाहिलाय. गुढीपाडव्याला ते नवा सदरा घालताना आधी तो दाखवायचे. दादाच्या चार पट्ट्या बघून ते म्हणाले, "एवढ्यातनं काढली पिशवी? का नुसती बघून सोडली?"

वण दाखवायची हौस एकट्या आजऱ्याची आहे असं मात्र कुणी समजू नये. 1965 च्या ऑक्टोबरात अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचं पित्ताशय काढलं. त्यांनी पत्रकारांसमोर, कॅमेऱ्यांसमोर शर्ट वर करून पोटावरचा वण दाखवला. पुढं डेव्हिड लेव्हिन या व्यंगचित्रकारानं तोच प्रसंग काढताना वणाच्या जागी व्हिएतनामचा नकाशा काढला. महासत्तेचा अध्यक्षसुद्धा पित्ताशय गेल्यावर आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांसारखाच वागतो, हे वाचल्यापासून अमेरिकेबद्दलची माझी धास्ती बरीच कमी झालीय.

वण नाही म्हणून दादाचं अडलं नाही. त्याच्याकडं बाटली होती. दवाखान्यानं खडे एका छोट्या बाटलीत घालून दिले होते. ती शोकेसमध्ये पुतणीच्या वक्तृत्वाच्या ढालीशेजारी मांडली. येणाऱ्यानं आधी दादाला "बरं हाय न्हवं?" विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता बाटलीकडं वळायचं, असा रिवाज पडला. बाटली हातात घ्यायची, उजेडाकडं धरायची, कानाजवळ नेऊन हलवायची. मग, "आमच्या साडूचे ह्याच्यापेक्षा मोठे होते." या घरात दादाच्या पगाराचं, जमिनीचं, सोयरिकीचं कधी कुणाला वैषम्य वाटलं नाही, पण साडूचे खडे मोठे होते हे ऐकून दादाचा चेहरा पडायचा. पुतण्यानं ती बाटली शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नेली आणि दुसरा नंबर काढला, तेव्हा कुठं तो सावरला.

दुसरी भानगड खांद्याची. या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, म्हणजे आत हात चालवायला जागा होते. उरलासुरला वायू वर छातीच्या पडद्याखाली जाऊन बसतो, आणि त्या पडद्याची नस खांद्याच्या वेदनेशी जोडलेली असल्यामुळं दोन-तीन दिवस उजवा खांदा ठणकतो. डॉक्टरांनी हे नीट सांगितलं होतं. मी बघायला येणाऱ्यांना तितकंच नीट सांगत होतो. पण वायू खांद्यात गेला हे आमच्याकडं कोण ऐकून घेणार? "टेबलावरनं पडला असंल," असं एक मत पडलं. दुसरं त्याहून पक्कं: "भुलीत हात पिळला असणार. शुद्धीवर न्हवता, तुला काय कळतंय?" संध्याकाळपर्यंत दादाला स्वतःलाच टेबलावरनं पडल्याचं अंधुक आठवायला लागलं.

दुर्बिणीच्या पद्धतीवर अविश्वास दाखवणारे आम्हीच पहिले नव्हे. जर्मनीत एरिक म्यूह यांनी 1985 मध्ये असं पहिलं ऑपरेशन केलं तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जनांनी त्यांची टिंगल केली होती. भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी 1990 मध्ये ते करून दाखवलं. गरीब देशाला ही महागडी यंत्रं कशाला, असं त्यांना विचारणारे होते. उडवाडियांचं म्हणणं साधं होतं: लवकर कामावर परतायची गरज गरिबालाच जास्त असते. मोठ्या जखमेनं महिनाभर अंथरुणावर राहणं ज्याची रोजी बुडते त्याला परवडत नाही.

हे वाचलं की मला आत्ती आठवते. रोजगाराला ती जात नाही, पण तिची रोजी घरातच असते आणि ती बुडत नाही. पित्ताचे खडे बायकांत पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट आढळतात, पण ऑपरेशननंतरचे मानसन्मान बघितले तर उलटंच वाटेल. दादाला डॉक्टरांनी काही आठवडे जड उचलू नका म्हणून सांगितलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. ते आठवडे अजून संपलेले नाहीत. गॅसचं सिलिंडर आलं की त्याचा हात आपोआप बरगडीखाली जातो. सुगीत पोती चढवायची वेळ आली की तो चेहरा असा करतो की गडीच म्हणतात, "दादा, तुमी बसा." आत्तीलाही डॉक्टरांनी तेच वाक्य सांगितलं होतं, त्याच शब्दांत. ती तिसऱ्या दिवशी पाण्याची घागर उचलताना दिसली. मी ओरडलो तर म्हणाली, "भरलेली कुठाय? अर्धीच हाय की." दादा आजारी असताना वहिनी त्याच्यासाठी वेगळं अळणी शिजवायची. आत्ती आजारी असताना तिनंच स्वतःसाठी अळणी आणि बाकीच्यांसाठी झणझणीत असं दोन्ही केलं. वर कुणीतरी म्हणालंच, "रश्श्याला आज चव न्हाई, लक्ष कुठं होतं?"

आता पथ्याकडं येऊ, कारण खरी गंमत ताटातच आहे. डॉक्टरांचा सल्ला फारसा भयंकर नव्हता. पिशवी गेली म्हणजे पित्त संपलं असं नव्हे. यकृत ते करतच राहतं. फक्त साठा करून एकदम सोडायची सोय गेली, आता ते थोडं थोडं दिवसभर आतड्यात उतरत राहणार. म्हणून सुरुवातीला एकदम तेलकट खाऊ नका, थोडं थोडं खा, मग अंगाला मानवेल तसं नेहमीचं सुरू करा. घरानं या सल्ल्याचा पूर्वार्ध ऐकला आणि उत्तरार्धाच्या वेळी सगळे रिक्षा बघायला बाहेर गेले होते. "तेलकट बंद" एवढंच आजऱ्यापर्यंत पोचलं.

आजऱ्यात तेलकट बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. काजू आमचा. गावात काजूचे कारखाने, परड्यात काजूची झाडं, पाव्हण्याला देण्याची भेट म्हणजे काजू. आणि काजूगरात निम्म्याला थोडी कमी इतकी चरबीच. पांढरा रस्सा म्हणजे नारळाचं दूध, काजू, खसखस. तांबडा म्हणजे वर तरंगणारी तर्री. मिसळीचा कट तर सांगायलाच नको. कोकण हाकेच्या अंतरावर, त्यामुळं नारळ कशात नसतो ते सांगा. हे सगळं वगळल्यावर तालुक्यात खाण्यासारखा उरतो तो घनसाळ. या तांदळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या वासाला कागदाची गरज कधीच नव्हती. कुणाच्या चुलीवर चढलाय ते आळीभर कळतं. दादासाठी त्याचाच मऊ भात शिजायचा. वरनं तूप नाही. घनसाळच्या भातावर तूप घालायचं नाही, ही गोष्ट माझ्या आईला इतकी लागली की रोज वाढताना ती तुपाची वाटी ताटाजवळ आणायची, क्षणभर धरायची आणि परत न्यायची. दादा म्हणतो, त्या वेळी वासानंच माझं निम्मं तूप पोटात गेलं.

खरी परीक्षा म्हाईला. गावची म्हाई म्हणजे घरोघरी मटण, दहा-दहा घरची आमंत्रणं, आणि जेवला नाहीस तर वर्षभराचा अबोला. पहिल्या वर्षी दादा जिथं जाईल तिथं त्याच्या आधी बातमी पोचलेली. यजमान दारातच म्हणायचे, "या या, तुमचं वेगळं केलंय." वेगळं म्हणजे वरण-भात. पंगतीतल्या सगळ्यांच्या वाटीत तांबडा, त्याच्या पानात वरण आणि बाजूला तीन जण राखण करायला. हाडाकडं नुसती नजर गेली तरी कुणीतरी "आं, आं" करायचं. डॉक्टरांनी तोवर त्याला मटण खायची परवानगी दिलेली होती, अगदी तोंडी, माझ्यासमोर. पण कोल्हापूरच्या सर्जनची परवानगी आमच्या आळीत चालत नाही. तिला इथल्या चार माणसांची सही लागते. शेवटी दादानं गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका जुन्या वर्गमित्राचं घर शोधलं. त्याला ऑपरेशनची खबर नव्हती. तिथं दादा पोटभर जेवला आणि त्याला काहीही झालं नाही. ही आनंदाची बातमी त्याला घरात कुणालाच सांगता आली नाही.

नाही म्हणायला काही जणांना त्रास होतो, तो पळापळीचा. पित्तातली आम्लं जास्तीची मोठ्या आतड्यात उतरली की ती तिथं पाणी ओढून घेतात आणि मग माणसाला थांबता येत नाही. त्यावर कोलेस्टिरामाइन नावाची औषधी पूड असते, ती ही आम्लं बांधून ठेवते. बऱ्याच जणांचं काही काळानं आपोआप जागेवर येतं. पण तोवर माणसाचा भूगोल बदलतो. मिसळ खाऊन कोल्हापूरची एसटी धरलेल्या आमच्या एका सोयऱ्यांना गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी, कागल ही गावं नव्यानं कळली. कुठल्या स्टँडवर गाडी किती थांबते, कंडक्टर दयाळू आहे की वक्तशीर, पंपावर कुलूप असतं का आणि किल्ली कुणाकडं, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. कर्नाटकाची हद्द ओलांडताना सीमाप्रश्नावर गाडीत जोरात चर्चा चालली होती. ते एकटेच म्हणत होते की निपाणी कुठल्याही राज्यात ठेवा, पण जरा अलीकडं आणा.

सल्ल्यांचं एक वेगळंच खातं. कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानं ही आमच्याकडं खड्यावरची हुकमी औषधं. ती मुतखड्यावर सांगितली जातात. मूत्रपिंडाची वाट निराळी, पित्ताची निराळी, दोन्ही कुठंच एकमेकांना मिळत नाहीत. पण खडा तो खडा, त्यात कसली भाऊबंदकी, असं लोकमत. ऑपरेशन होऊन गेल्यावरही कुळीथ येत राहिले. "आता कशाला?" विचारलं तर उत्तर यायचं, "परत होऊ नयेत म्हणून." ज्या पिशवीत ते व्हायचे ती पिशवीच गेलीय, हे सांगून उपयोग नसतो. आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींनी तर थेट कर्ण काढला. "मृत्युंजय" लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे, त्यामुळं इथं कर्ण हा घरचा माणूस. "त्यानं अंगावरची कवचकुंडलं काढून दिली," गुरुजी म्हणाले, "तुझं पित्ताशय गेलं तर एवढं काय?" दादानं विचारलं, कर्णाचं पुढं काय झालं? गुरुजींनी चहा मागवला.

मोबाइलवर फिरणारा उपाय त्याहून भारी: सफरचंदाचा रस, मग रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबू, सकाळी खडे बाहेर. आणि खरोखर हिरवे मऊ गोळे पडतातही! 2005 मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी अशाच एका बाईनं आणलेले गोळे तपासून हकीकत छापली. खडे नव्हतेच ते. तेल आणि लिंबाचा पोटात तयार झालेला साबण होता. हे मी आमच्या सोयऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग पोट तरी धुऊन निघालं की न्हाई?"

इथवर ऐकून पित्ताशय काढणं म्हणजे निव्वळ मौज वाटेल. तसं नाही. 1953 मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांच्या याच ऑपरेशनात पित्तनलिकेला इजा झाली. पुन्हा पुन्हा ऑपरेशनं झाली, शेवटी अमेरिकेत बोस्टनला जाऊन दुरुस्ती करून घ्यावी लागली, तापाच्या फेऱ्या सुटल्या नाहीत. आणि तशा प्रकृतीत पंतप्रधान होऊन त्यांनी 1956 चा सुएझचा पेच ओढवून घेतला. अशी इजा क्वचित होते, पण होते. आणखी एक गोष्ट जास्त वेळा होते, तिच्याकडं मात्र कुणाचं लक्ष नसतं. नेदरलँड्समधल्या 1067 रुग्णांवरचा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशनसाठी रुग्ण काटेकोरपणे निवडले काय आणि नेहमीच्या पद्धतीनं निवडले काय, वर्षानंतर दोन्हीकडं दर दहातल्या चार जणांच्या आसपास लोकांचं पोट कमी-जास्त दुखतच होतं. कारण त्यातल्या पुष्कळ दुखण्यांचा खड्यांशी संबंधच नव्हता.

मला विचाराल तर आजऱ्यातल्या पित्ताशयोत्तर जीवनाचं मर्म इथं आहे. खडे होते तोवर घरातल्या प्रत्येक ढेकराला, प्रत्येक गॅसला, म्हाईच्या दुसऱ्या दिवशीच्या प्रत्येक सुस्तीला धनी होता. "खड्यामुळं होतंय" म्हटलं की मिटलं. खडे गेले आणि ढेकर तेवढे राहिले. आता ते कुणाच्या नावावर टाकायचे? दादा काही दिवस फार अस्वस्थ होता. रात्री उशिरा भरपूर जेवून लगेच आडवं व्हायचं, सकाळी बायकोला म्हणायचं जळजळतंय. पूर्वी वहिनी हळहळायची. आता ती म्हणते, "आता कशानं? पिशवी तर बाटलीशेजारी पण न्हाई." माणसाकडनं रोग काढून घेणं सोपं असतं, सबब काढून घेतली की तो उघडा पडतो. दादानं मग मार्ग काढलाच. जळजळ आता "ऑपरेशनमुळं" होते.

उद्या माझीही पिशवी गेली तर काय, या धास्तीत मला सगळ्यात जास्त आधार दिला तो हत्तींनी. कर्नाटकातनं दोडामार्गाकडं उतरलेले रानहत्ती पुढं चंदगड-आजऱ्यातही फिरायला लागले. घाटकरवाडीच्या बाजूला टस्कर आला की ऊस, भात, केळी, माड, जे दिसेल ते जातं. फटाके, मशाली, वनखात्याची गाडी, पंचनामा, भरपाईचा अर्ज हा आता इकडचा शेतीहंगामच आहे. तर या हत्तीला पित्ताशय नसतं! मुळातच नसतं. घोड्यालाही नसतं, सांबराला नसतं, कबुतराला नसतं, उंदराला नसतं. 15 जुलै 1882 रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी जगातलं पहिलं पित्ताशय काढलं, तेव्हा त्यांच्या धाडसामागं हाच विचार होता: हत्ती-घोडे याच्याशिवाय खुशाल जगतात, तर माणूस का जगणार नाही? तोवर सर्जन पित्ताशयाला छेद देऊन नुसते खडे वेचायचे. लांगेनबुख यांचं म्हणणं, खडे असलेली पिशवी काढायची ती त्यात खडे आहेत म्हणून नव्हे, तर तीच ते तयार करते म्हणून. त्यांचा रुग्ण 43 वर्षांचा, पोटदुखीनं वर्षानुवर्षं पिचलेला. दुसऱ्या दिवशी तो मजेत चिरूट ओढत होता.

ही माहिती मी आत्तीला दिली. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे गणपतीबाप्पाच्या हत्तीला बी न्हाई आणि खालच्या उंदराला बी न्हाई. तरीच मोदक पचत्यात." मग तीच माहिती मी घाटकरवाडीकडच्या एका पाव्हण्याला दिली. त्याचा पाऊण एकर ऊस टस्करानं आदल्या आठवड्यात आडवा केला होता आणि त्याच्या स्वतःच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. तो माझ्याकडं बघतच राहिला. "मी पिशवी न्हाई म्हणून वर्षभर उसाचा रससुद्धा जपून पितोय," तो म्हणाला, "आणि तो पिशवी नसताना माझा अख्खा फड खाऊन गेला? त्याला पथ्य कोण सांगणार?"

पुण्याला डॉक्टरकी शिकणारा भाचा सुट्टीला आला तेव्हा त्यानं एक प्रश्नावली आणली. पोटाच्या रोग्यांचं आयुष्य किती बरं चाललंय हे मोजायला ती जर्मनीत तयार झाली, 1995 मध्ये छापली गेली. छत्तीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण 144. गंमत म्हणजे धडधाकट माणसालाही त्यात साधारण सव्वाशेच मिळतात. पूर्ण मार्क मिळवणारं पोट जर्मनीतही सापडलं नसावं. पोट दुखतं का, गुरगुरतं का, ढेकर येतात का, रात्री जाग येते का, आवडीचे पदार्थ सोडावे लागले का, अंगात जोर आहे का, असे प्रश्न, आणि गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा ते सांगायचं: नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. भाचा म्हणाला, ऑपरेशनआधी आणि नंतर असे गुण काढले की बहुतेकांचे चांगले वाढतात. दादाला बसवलं. त्यानं इतक्या गंभीरपणे उत्तरं दिली की तो जगातला सगळ्यात दुःखी माणूस निघाला. बाटलीबद्दल प्रश्न नाही म्हणून तो नाराजही झाला.

मग आत्ती. ती तांदूळ निवडत होती, ताट काही बाजूला ठेवलं नाही.

"आत्ती, गेल्या दोन आठवड्यांत पोट फुगल्यासारखं किती वेळा वाटलं?"

"कुणाच्यात जेवले त्यावर हाय."

"थकवा?"

"इचारायला आता आलायस व्हय?"

"नेहमी, कधीकधी, का क्वचित?"

"लिव्ह काय बी. तुला बरं वाटंल ते."

"रोजची कामं करायला त्रास होतो का?"

"कामं करायला न्हाई होत. कामं सांगणारी घरात बसल्यात, त्याचा हुतोय." हे दादाकडं बघून.

"आवडीचं खाणं सोडावं लागलं का?"

इथं ती पहिल्यांदा थांबली. "आवडीचं म्हंजे?" तिनं विचारलं. भाच्यानं समजावलं, तुला जे फार आवडतं ते. आत्तीनं तांदळातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "मला काय आवडतंय ते आजवर कुणी इचारलं न्हवतं, मग सोडू कसं? गरम जेवण लिव्ह. सगळ्यांचं झाल्यावर खाते ते गार असतंय. ते ऑपरेशनच्या आधीपासनंच सुटलंय."

भाचा हे उत्तर कुठल्या रकान्यात बसवायचं ते शोधत बसला. वहिनी आत जाऊन तवा तापत ठेवून आली. मी म्हणालो, तसं बघितलं तर आत्तीची तब्येत दादापेक्षा बरीच ठणठणीत आहे, बेरीज केली तर सव्वाशेच्या वर जाईल.

"माझी बेरीज राहू दे," आत्ती माझ्याकडं वळून म्हणाली. "तुझे कधी काढतोयस ते सांग. सुगी झाल्यावर काढ. मला आत्ता दोन सैपाक करायला जमायचं न्हाई."